रुखवतातली विनाशिका

माझे मेहुणे गुरुनाथ हळबे यांना बोट लागते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे ते आरमाराबद्दल जे काही बोलतील ते कोणत्या तोंडानं बोलतात, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. शिकागोत नदीतून इमारती दाखवत फिरवणाऱ्या बोटी असतात. नदी ती केवढी, या काठावरून हाक मारली तर त्या काठावरच्यानं ओ द्यावी एवढी. पाणी परातीतल्या पाण्याइतकं शांत. त्या नदीत गुरुनाथराव दुसऱ्याच पुलाखाली कठड्यावरून ओणवे झाले आणि सकाळचे पोहे त्यांनी शिकागो नदीला अर्पण केले. माझी ताई त्यांची पाठ चोळत राहिली. उतरल्यावर रुमालानं तोंड पुसत हे गृहस्थ म्हणाले, "बोट फार हलकी आहे ही. वजनच नाही हिला. आकिझुकीवर असं झालं नसतं."

आकिझुकी म्हणजे काय ते सांगते. सांगितल्यावाचून सुटका नाही. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमधल्या एकाही मराठी माणसाची झालेली नाही. जपानच्या आरमारात दहा-बारा वर्षांपूर्वी दाखल झालेला हा विनाशिकांचा एक वर्ग. एका साच्यातल्या चार बहिणी, आणि चौघींची नावं चंद्रावरून. शरदाचा चंद्र, झळाळता चंद्र, निर्मळ चंद्र आणि हिवाळ्यातला चंद्र. इतकी गोड नावं ठेवून वर तोफा आणि क्षेपणास्त्रं कशाला लादायची ते जपान्यांना ठाऊक. थोरलीचं नाव आकिझुकी, म्हणून सगळा वर्गच आकिझुकी.

आता हळब्यांचा आणि जपानी आरमाराचा संबंध काय? काडीचा नाही. गुरुनाथराव आयुष्यभर बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होते. काम चांगलं होतं, पगार चांगला होता, झाकणंही घट्ट बसत असणार. पण एकदा त्या कारखान्यात एक जपानी इंजिनियर पाहुणा म्हणून आला. त्यानं यांच्या टेबलावर ओळीनं लावलेल्या पेन्सिली पाहिल्या आणि मान हलवली. ती मान कौतुकानं हलली अशी यांची समजूत आहे. तेव्हापासून घरात जपान शिरला. ताईनं पोळी जरा जाड लाटली की "जपानमध्ये असं चालत नाही." भारतात गाडी उशिरा आली की जपान. अमेरिकेत डॉक्टरनं वाट पाहायला लावली की जपान. मुलीला गणितात दोन मार्क कमी पडले की जपान. स्वतः जपानला कधी गेले नाहीत. विमानात कान दुखतात.

रिटायर झाल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात यांनी व्याख्यान दिलं, विषय आकिझुकी. मी पहिल्या रांगेत होते, बहिणीखातर. पडद्यावर जहाजाचे नकाशे, आणि हे हातात काठी घेऊन उभे. अर्ध्या लोकांना डुलकी लागली. शेवटी दिवे लागले तेव्हा दचकून जागे झालेल्या एका काकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. झालं! त्या दिवसापासून गुरुनाथराव संरक्षणतज्ज्ञ झाले. मंडळातली तरुण मुलं त्यांना गमतीनं 'कॅप्टन काका' म्हणतात. यांना ती गंमत वाटत नाही, हुद्दा वाटतो.

कोजागरीला आम्ही त्यांच्या मागच्या अंगणात जमतो. एके वर्षी आटवलेलं दूध तयार होतं, चंद्र वर आलेला होता, आणि यांनी सुरू केलं. आकिझुकी म्हणजे शरदाचा चंद्र, म्हणजे कोजागरीचाच चंद्र, तेव्हा आज आपण एका अर्थी आकिझुकीच साजरी करतोय वगैरे. दुधावर साय धरली तरी हे थांबेनात. "या विनाशिकेचं खरं काम काय, माहितेय का? मोठी जहाजं आकाशातून येणाऱ्या क्षेपणास्त्रांवर डोळे लावून बसलेली असतात. त्या वेळी त्यांचं आजूबाजूला लक्ष नसतं. तेव्हा त्यांच्यावर कुणी हल्ला करू नये म्हणून ही शेजारी उभी राहते. मोठीनं वर बघायचं आणि हिनं बाकी सगळं सांभाळायचं."

माझी ताई शोभना पेले भरत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे बायको."

सगळे हसले. गुरुनाथराव हसले नाहीत. त्यांना कळलंच नाही.

ताईबद्दल सांगायला हवं. गुरुनाथराव चार दशकांपूर्वी अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या रजेवर पुण्यात आले, मुली पाहिल्या, ताई पसंत केली आणि रजा संपायच्या आत लग्न उरकलं. 'उरकलं' हाच शब्द बरोबर. कार्यालय अर्ध्या दिवसासाठी मिळालं होतं, दुपारी दुसऱ्यांचं कार्य. आई आमची त्याआधीच्याच वर्षी गेली होती. रुखवत मांडलं नाही. करणारं कुणी नव्हतं आणि मांडायला वेळ नव्हता. मुलीच्या लग्नात एक टेबल असतं, त्यावर तिच्या माहेरच्या बायकांच्या हातच्या वस्तू असतात, येणारे जाणारे थांबून बघतात आणि मग ते सगळं मुलीबरोबर तिच्या घरी जातं. ताईबरोबर एक सूटकेस गेली. ती याबद्दल कधी बोलली नाही, पण तिची मुलगी इशिता शाळेत असल्यापासून तिनं तिच्या रुखवताची तयारी सुरू केली. पिस्त्याच्या टरफलांचा मोर केला. लोकरीचं तोरण, मण्यांची गौर, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, निळ्या कापडावर कमळं भरलेलं मोठं टेबलक्लॉथ. आणि सगळ्यात सुरेख म्हणजे सुपाऱ्यांची वरात. प्रत्येक सुपारीला डोळे, ओठ, साडी किंवा फेटा, पुढे सनईवाला, मागे छत्रीवाला. एका सुपारीला तर तिनं माझ्यासारखा चष्मा घातला होता आणि हात कमरेवर ठेवले होते.

ही सगळी कला राहायची कुठे? कपडे वाळवायच्या यंत्रावरच्या फळीवर, खोक्यात. कारण बेसमेंटमध्ये, जिथे पूर्वी ताईचं शिलाई मशीन होतं, तिथे आकिझुकी बांधली जात होती. इशिता नोकरीसाठी शिकागोत राहायला गेली त्याच वर्षी हे सुरू झालं. मुलगी गेली आणि बोट आली. खऱ्याचा शंभरावा भाग, म्हणजे लांबीला जवळजवळ पाच फूट. प्रत्येक कठडा, प्रत्येक दोर, पुढची तोफ, मागे हेलिकॉप्टर. बेसमेंटमधली हवा दमट होऊ नये म्हणून यंत्र लावलं, त्याची बादली ओतायचं काम ताईचं. शिलाई मशीन कपडे धुण्याच्या खोलीत सरकलं. बोट छान झाली होती, हे कबूल करते. माणूस कसाही असो, बोटांत कसब आहे. पण सहा वर्षांत या गृहस्थांना मुलीच्या घरी जायला एक रविवार मिळाला नाही. शिकागो तिथून तासाभरावर. "पार्किंगचा त्रास आहे," "ट्रॅफिक फार," "आज रंग वाळायचाय." ताई एकटी मेट्रा नावाच्या लोकल गाडीनं जायची, डब्यात भरली वांगी घेऊन. इशिता दार उघडायची आणि आईच्या खांद्यावरून मागे बघायची. मग म्हणायची, "ओके. कम इन, आई."

ती मागे बघायची सवय तिची सुटली नाही. ताईनं मला हे सांगितलं तेव्हा मला त्या बोटीला काडी लावावीशी वाटली.

पुढे इशितानं लग्न ठरवलं. मुलगा केन मोरिता. आईवडील जपानहून नोकरीसाठी आलेले आणि इथलेच झालेले, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर राहणारे. गुरुनाथरावांचा आनंद काय वर्णावा! मुलीचं कौतुक नव्हे, जपान घरी चालून आला याचं. पहिल्या भेटीत त्यांनी कमरेत इतकं वाकून नमस्कार केला की मिस्टर मोरिता घाबरून यांना सावरायला पुढे झाले. मग सोफ्यावर बसता बसता यांनी विचारलं, "आकिझुकीवर बत्तीस क्षेपणास्त्रं उभी ठेवायची सोय आहे. ती पुरेशी आहेत असं तुमचं मत आहे का?"

मिस्टर मोरितांचा धंदा गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि आवड गोल्फची. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "थर्टी टू? आय थिंक... दॅट्स अ लॉट."

घरी येताना गुरुनाथराव गाडीत म्हणाले, "हा माणूस तितकासा जपानी वाटला नाही."

लग्न ठरल्यावर ताईनं खोकी खाली काढली. सुपाऱ्यांच्या वरातीत मुलाकडच्यांचे फेटे उतरवले आणि प्रत्येकाला काळ्या रेशमाचा जपानी झगा शिवला. रात्रंदिवस तेच. मी मदतीला जायची. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी फार वर्षांनी पाहत होते. हॉटेलवाल्यांनी हॉलबाहेर रुखवतासाठी एकच लांब टेबल देऊ केलं होतं. दुसरं ठेवलं तर वाट अडते, आग लागली तर पंचाईत, असा त्यांचा नियम. ताई म्हणाली, एक पुरे. कागदावर मांडणी काढून ठेवली, मध्ये वरात, दोन्ही बाजूंना बाकीचं.

आणि एका संध्याकाळी हे बेसमेंटमधून वर आले आणि म्हणाले, "रुखवतात आकिझुकी ठेवू या."

"कुठे?" ताईनं विचारलं.

"टेबलावर. जपानी मंडळी आहेत, त्यांना ओळखीचं काहीतरी दिसायला नको का? आपल्याकडेही या लेव्हलचं काम होतं हे कळू दे."

मी म्हटलं, "भावजी, पाच फुटांची बोट आहे ती. टेबल किती फुटांचं आहे?"

"सहा."

"मग ताईच्या वस्तू?"

यांनी तिथे पसरलेल्या सुपाऱ्यांकडे पाहिलं. खरं सांगते, त्या नजरेत वाईट काही नव्हतं. काहीच नव्हतं. "हे लहान लहान आहे," ते म्हणाले. "हे घरी दाखवता येईल. बोटीच्या बाजूला ठेवलं तर स्केल चुकतं."

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. लग्नघर होतं, बरं दिसत नाही. एवढंच सांगते की रुखवत हा बायकांचा मान आहे, त्यात लढाऊ जहाज मांडणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात झाला नसेल, आणि लग्नाच्या टेबलावर तोफा मांडून तुम्ही व्याह्यांना नेमकं काय सांगताय, हेही मी विचारलं. गुरुनाथराव शांतपणे म्हणाले, "विनीता, तुला डिफेन्समधलं कळत नाही. ही बोट संरक्षणासाठी असते." आणि खाली निघून गेले.

मी ताईकडे वळले. ती एक सुपारी हातात घेऊन बसली होती. मग म्हणाली, "ठेवू देत त्यांना."

"काय?"

"ठेवू देत बोट." आणि तिनं एकेक सुपारी परत खोक्यात ठेवायला सुरुवात केली. मला तिचाही राग आला. गोगलगाय आणि पोटात पाय असं म्हणतात, इथे तर पायही दिसत नव्हते. चाळीस वर्षं या माणसाला आयतं आवरून देऊन देऊन हिचा कणाच गेला, असं मला वाटलं आणि मी ते बोललेही.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरी ग्रहमख होतं. मिसेस मोरिता मदतीला आल्या होत्या. फार नेटकी, हळू बोलणारी बाई. आमच्या चालीरीती समजून घ्यायची तिला हौस, प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायची, चूक व्हायला नको म्हणून. स्वयंपाकघरात आम्ही तिघी लाडू वळत होतो. तिनं रुखवताबद्दल विचारलं. टेबलावर काय असतं, नंतर त्याचं काय करतात?

ताईनं लाडू ताटात ठेवला, हात पुसले. "एव्हरीथिंग ऑन द टेबल," ती सावकाश म्हणाली, "गोज विथ द गर्ल. टु हर हाउस. सेम डे. यू पीपल टेक इट."

"एव्हरीथिंग?"

"एव्हरीथिंग. नथिंग कम्स बॅक. दॅट इज द कस्टम."

मिसेस मोरितांनी मान हलवली, लक्षात ठेवल्यासारखी. त्या बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "ताई, अगं, टेबलावर बोट आहे!"

"हो."

"भावजींनी ती नुसती दाखवायला ठेवलीय."

"रुखवतात नुसतं दाखवायला काही नसतं, विनू," ताई म्हणाली आणि पुढचा लाडू वळायला घेतला. तो लाडू तिनं जरा जास्तच दाबला. आयुष्यात पहिल्यांदा मला लग्नाच्या दिवसाची घाई झाली.

लग्नात गुरुनाथरावांचा थाट बघण्यासारखा होता. सोनेरी बटणांचा निळा कोट, जणू आत्ताच गोदीतून आले. टेबलावर समुद्र हवा म्हणून त्यांनी ताईचं निळं टेबलक्लॉथ मागून घेतलं. तिच्या हातची तेवढी एक वस्तू टेबलावर गेली, तीही उलटी. समुद्रात कमळं नसतात म्हणून भरतकाम खाली आणि उलटी बाजू वर. त्यावर बोट. लोक थांबत होते, फोटो काढत होते. मंडळातल्या उल्काताईंनी मला हळूच विचारलं, "रुखवत कुठेय गं?" मी म्हटलं, "बुडालं."

आत मांडवात भटजी मुलीच्या वडिलांना बोलावत होते. पुन्हा बोलावलं. शेवटी माइकवरून नाव पुकारलं. हे टेबलाजवळ उभे, केनच्या कुणा आत्येभावाला रडार समजावून देताहेत. मीच जाऊन कोपराला धरून आणलं. इशिता पाटावर बसली होती, पिवळी साडी, मुंडावळ्या. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. तेच ते, खांद्यावरून मागे बघणं. बाप येताना दिसला आणि तिचा चेहरा उजळला. मला कुठेतरी जाऊन भांडी आपटावीशी वाटली. कन्यादान करताना याचं अर्धं लक्ष दाराबाहेर, कुणी बोटीला हात तर लावत नाही ना.

जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली. आणि मोरितांकडची मंडळी टेबलाजवळ गेली. काय तयारीनं आली होती! मऊ रजया, पट्ट्या, मापानं बनवून घेतलेलं खोकं. मिसेस मोरितांनी बोटीचा फोटो आणि मापं आदल्या रात्रीच ताईकडून मागवून घेतली होती. चार जणांनी चार बाजूंनी हात घातले, देवाची मूर्ती उचलावी तशी बोट उचलली.

गुरुनाथराव धावले. "नो, नो! दिस इज ओन्ली फॉर..."

मिस्टर मोरिता त्यांच्यापुढे उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवून कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे ओले होते. म्हणाले, तुमच्या सहा वर्षांच्या मेहनतीचं काम तुम्ही मुलीबरोबर देताय. माझ्याकडे शब्द नाहीत. आम्ही तुमच्या मुलीला आणि या जहाजाला जपू.

आता काय बोलणार? जन्मभर ज्या जपानचा डंका वाजवला तो जपान समोर वाकून उभा. यांनी एकदा ताईकडे पाहिलं. ताई पदर सारखा करत होती. मग गुरुनाथराव वाकले. सोनेरी बटणांसकट वाकले. खोकं गाडीत गेलं. मागून इशिता गेली आणि गुरुनाथराव धाय मोकलून रडले, रस्त्यात उभे राहून, नाक वाहेपर्यंत. मंडळातल्या बायका पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बघा, बापाचं काळीज!" मला हसू आवरेना, मी कारमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर ते चार दिवस ताईशी बोलले नाहीत. बेसमेंटमध्ये जायचे, रिकाम्या टेबलासमोर बसायचे. मी ताईला म्हटलं, "झकास अद्दल घडवलीस. सुपाऱ्यांचा सूड घेतलास."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी मूर्खासारखं बोलले. "सूड कसला गं," ती म्हणाली. "मी काय सुपाऱ्या केव्हाही नेऊन देईन. सहा वर्षं सांगतेय, पोरीकडे चला, पोरगी वाट बघते. माझ्यासाठी नाही आले, तिच्यासाठी नाही आले. बोटीसाठी जातील."

ज्या रुखवतासाठी ती इतकी वर्षं जागली ते तिनं खोक्यात घातलं आणि या माणसाला मुलीच्या दारापर्यंत ओढायला बोट पुढे केली. एवढं कुणी करावं असं यानं काय केलंय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि गेले की! पुढच्याच रविवारी. पार्किंग मिळालं, ट्रॅफिक आड आला नाही. "त्यांच्या घरात हवा कोरडी आहे का बघून येतो," म्हणून गेले ते संध्याकाळी परतले. मग दर रविवारी. लोक म्हणतात, काय माया आहे लेकीवर. मी लोकांना काही सांगत नाही.

मागच्या महिन्यात मीही त्यांच्याबरोबर गेले, ताई आणि मी मागे बसून. इशितानं दार उघडलं. वडील समोर उभे होते, तिला मागे बघावं लागलं नाही. यांनी बूट काढले आणि तिच्याकडे न बघता थेट आत. बैठकीच्या खोलीत खिडकीपासून लांब बोट ठेवलेली. ऊन लागू नये म्हणून इशितानं सोफा दुसऱ्या भिंतीला हलवलाय, आता टीव्ही तिरपा दिसतो. खाली ताईचं निळं कापड, पण सुलट, कमळं वर. म्हणे यांनी पहिल्याच रविवारी हरकत घेतली होती, समुद्रात कमळं कशी? इशिता म्हणाली, "बाबा, इट्स अ लेक." सुपाऱ्यांची वरात स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे. ताईनंच नेऊन दिली, मेट्रानं, मांडीवर खोकं घेऊन. गुरुनाथरावांचं अजून तिकडे लक्ष गेलेलं नाही.

"पुन्हा!" ताई आणि मी स्वयंपाकघरात होतो, तिथे बैठकीच्या खोलीतून आवाज आला. "डोलकाठीवरची अँटेना पुन्हा तुटली! मागच्या आठवड्यात कठडा, त्याआधी दोर. या घरात शिस्त म्हणून नाही का? केन!"

केन आला. चांगला सहा फुटी मुलगा. वाकून म्हणाला, "सॉरी, बाबा. व्हॅक्यूम करताना माझा धक्का लागला असेल."

"जपानमध्ये असं चालत नाही," गुरुनाथराव जपानी माणसाला म्हणाले. मग चिमटा काढला, भिंग काढलं आणि खुर्ची ओढून बसले. इशिता दिवा धरून त्यांच्याशेजारी बसली. ते तिला काहीतरी समजावत होते, अँटेना कशी फिरते वगैरे, ती ऐकत होती. मध्येच मान वर न करता त्यांनी विचारलं, "तू बारीक झालीयस का? की दिव्यामुळे वाटतंय?" ती म्हणाली, "दिव्यामुळे, बाबा."

थोड्या वेळानं ती चहा टाकायला आत आली. मी म्हटलं, "हा केन इतका धांदरट आहे, मला वाटलं नव्हतं."

इशितानं दाराकडे पाहिलं, मग ड्रॉवर उघडला आणि माझ्यापुढे तळहात धरला. त्यावर केसाइतक्या बारीक काड्या, कठड्याचे तुकडे, एक इवलीशी शिडी.

"केन नेव्हर टचेस इट, मावशी," ती हळूच म्हणाली. "आय डू इट. शनिवारी. काही मोडलेलं नसेल तर बाबा पाच मिनिटं बघतात आणि मग म्हणतात, निघतो, ट्रॅफिक लागेल." तिनं मूठ मिटली. "बट दीज आर टू स्मॉल. तासाभरात फिक्स करतात आणि जातात. मला कळत नाही आता काय तोडू."

बाहेर गुरुनाथराव जपानी जावयाला शिस्तीवर व्याख्यान देत होते. ताई सुपाऱ्यांवरची धूळ पुसत होती, पाठमोरी, पण तिचा हात थांबला होता.

सहा वर्षं या माणसाची व्याख्यानं मी ऐकलीत, पहिल्या रांगेत बसून. त्या बोटीचा खिळा न खिळा मला पाठ आहे.

"हेलिकॉप्टर तोड," मी म्हटलं. "त्याचे पंखे फार नाजूक असतात. दोन-तीन रविवार जातील."